पेन्सिलीतला ‘पा’

महिन्याचा शेवटचा दिवस. दुपारची पाळी भरायला अजून वीस मिनिटं होती. गोवंडीतल्या एका महापालिका शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर पाचवीच्या वर्गशिक्षिका हजेरीपट उघडून खोडरबराने काहीतरी पुसत होत्या. हजेरीपटात खाडाखोड करायची नाही हा नियम कालपरवा लागलेल्या शिक्षकालाही तोंडपाठ असतो, म्हणूनच नजर तिथे अडली. शाईला त्यांनी हात लावला नव्हता. ‘गै’ लिहिलेल्या चौकोनांच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेली मुंगीएवढी अक्षरं होती, ती त्या पुसत होत्या. पा. भा. गा. ता. का. पाणी, भावंडं, गाव, ताप, काम. मूल का आलं नाही हे त्या महिनाभर असं टिपून ठेवतात. मग बेरजा करून, सरासरी काढून पट मोठ्या बाईंच्या सहीला जातो, तेव्हा तो स्वच्छ लागतो. पटावर कारणासाठी रकाना नाही. हजर मुलापुढे रेघ, नसलेल्यापुढे ‘गै’, एवढंच. एकोणिसाव्या ओळीत सात ‘पा’ आणि तीन ‘भा’ होते. रबराच्या दोन-चार फटक्यांत ते गेले आणि खाली दहा ‘गै’ राहिले.

ती ओळ अजून डोक्यातून जात नाही.

‘बाई, पाणी होतं.’ गैरहजेरीचं हे उत्तर इथल्या वर्गात रोज कुणीतरी देतं. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, घरात पाणी शिरलं असेल. पावसाळ्यात तेही होतं, पण ह्या वाक्याचा अर्थ वेगळा आहे. पाणी होतं म्हणजे आज नळाला पाणी यायचा दिवस होता. शिवाजीनगर, बैंगनवाडी, मंडाला इथल्या कितीतरी गल्ल्यांत पाण्याचे दिवस आणि वेळा पंचांगासारख्या पाठ असतात, आणि पंचांगासारख्याच पुढेमागे होतात. एकोणिसाव्या ओळीतल्या मुलीच्या गल्लीत दाब सोमवारी आणि गुरुवारी बरा असतो. साडेदहाला यायचं पाणी कधी साडेअकराला येतं, पाइप आपल्या दारापर्यंत येईस्तोवर बारा वाजतात. वीस लिटरचा भरलेला कॅन म्हणजे वीस किलो, तो दहा वर्षांच्या मुलीला पेलत नाही, म्हणून तिच्या हाती कळशी आणि पाच लिटरचे तेलाचे डबे. त्यांच्या खेपा जास्त होतात. निळं पिंप भरून झालं म्हणजे काम संपलं असंही नाही. पाणी आलेल्या दिवशीच कपडे धुवायचे, भांडी घासायची, धाकट्यांना आंघोळी घालायच्या, कारण उद्या ते पाणी पिण्यासाठी राखून ठेवायचं असतं. धुतलेल्या कपड्यांत गणवेशही असतो. जुलैमध्ये दहा बाय बाराच्या खोलीत दोरीवर टाकलेला गणवेश दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओलाच राहतो, आणि ओला गणवेश घालून मूल आलं की चार दिवसांनी पटावर ‘ता’ येतो. पाण्याचं काम तासाभराचं, असं कुणी म्हणालं तर त्याने ते कधी केलेलं नाही.

‘भा’ची गोष्ट याहून शांत. आई सकाळी सहाला चेंबूरकडे धुण्याभांड्याच्या कामाला जाते किंवा कचरा वेचायला बाहेर पडते. घरी दीड-दोन वर्षांचं मूल. त्याला सांभाळायला माणूस ठेवणं परवडणारं नाही, शेजारणीवर रोज टाकता येत नाही. आईचं काम आणि मुलीची शाळा एका वेळेला आली की मुलीची शाळा मागे पडते. मुलाची कमी वेळा पडते, हेही पटावर दिसतं. ओळी वाचत गेलं तर ‘भा’ जवळजवळ सगळे मुलींच्या नावापुढे, आणि ‘का’ बरेचसे मुलांच्या. श्रावणाच्या आधी राख्यांचं काम घरोघर येतं, वर्षभर लसूण सोलणं, शिवलेल्या कपड्यांचे धागे कापणं, जरीचं काम. नगावर पैसे. दहा वर्षांच्या मुलाची बोटं जलद चालतात, एवढंच त्यामागचं गणित. ‘ता’ मात्र मुलगा-मुलगी पाहत नाही. शहराचा कचरा १९२७ पासून इथल्या देवनारच्या कचराभूमीवर येतो आहे, तो पेटला की धूर दिवसेंदिवस गल्ल्यांत राहतो. प्रकल्पग्रस्तांसाठी उभ्या केलेल्या वसाहतींत इमारती इतक्या चिकटून बांधल्या की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. अशा घरातला खोकला लवकर बरा होत नाही.

मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात गोवंडी ज्यात येते तो महापालिकेचा एम पूर्व विभाग शहरातल्या सगळ्या विभागांच्या तळाला होता. तो आकडा तेव्हा पुष्कळ छापून आला. पण त्या तळाला रोज दुपारी साडेबाराला काय घडतं, ते ह्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि महिन्याच्या शेवटी पुसलं जातं.

गोषवाऱ्यात काय उरतं तेही पाहण्यासारखं आहे. वर्गात ३६ मुलं धरा, महिन्यात शाळेचे दिवस २४. सगळी रोज आली तर ८६४ हजेऱ्या. समजा ७२६ भरल्या. सरासरी निघाली ८४ टक्के. हा आकडा वर पाठवायला बरा आहे, त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. आता तोच पट ओळीने वाचा. २४ मुलांचे मिळून १८ खाडे, म्हणजे ती मुलं जवळपास रोज येतात. उरलेल्या १२ मुलांचे प्रत्येकी १०, मिळून १२०. त्या बारा जणांसाठी २४ दिवसांचा महिना १४ दिवसांचा आहे. पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस शाळा भरावी असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. महिन्याला दहा दिवस गेले तर वर्षाकाठी ८० ते ९० दिवस जातात, अडीच वर्षांत एक अख्खं वर्ष बुडतं. आणि तरी एकोणिसाव्या ओळीतली मुलगी कुठल्याच यादीत येत नाही. सलग महिनाभर न आलेलं मूल शाळाबाह्य धरतात, त्याच्यासाठी शोधमोहीम निघते, बालरक्षक म्हणून काम करणारे शिक्षक घरी जातात. सोमवारी आणि गुरुवारी न येणारी मुलगी मंगळवारी येते. तिचा शोध कुणी घ्यायचा?

अलीकडे, २०२३ च्या अखेरीपासून, हजेरी मोबाइलवरही भरतात. तिथे मुलाच्या नावापुढे बोट ठेवलं की हजर किंवा गैरहजर. पेन्सिल चालवायला तर तिथे कोपराही नाही.

खाडे आणि गुण यांचा संबंध सगळ्यांना मान्य असतो, पण तो नेमका कुठे जोडला जातो हे वहीत बघावं लागतं. एकोणिसाव्या ओळीच्या मुलीची गणिताची वही घ्या. ५२ वजा ३७, उत्तर २५. त्याखाली ८३ वजा ४६, उत्तर ४३. पहिल्या नजरेला वाटतं, पोरीने काहीतरी लिहून ठेवलंय. तसं नाही. तिने प्रत्येक ठिकाणी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. ७ मधून २ गेले, ५. ५ मधून ३ गेले, २. झाले २५. म्हणजे तिला वजाबाकी येते, एक पायरी सोडून. वरचा एकक कमी पडला तर शेजारचा एक दशक सुटा करायचा, त्याचे दहा एकक करून एककात मिळवायचे, ही ती पायरी. वर्गात ती शिकवायला दोन-तीन दिवस लागतात. पहिल्या दिवशी काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवतात, दुसऱ्या दिवशी फळ्यावर, तिसऱ्या दिवशी वहीत सराव. काड्यांच्या दिवशी मूल नसलं आणि थेट सरावाच्या दिवशी आलं, तर त्याला फक्त खोडलेला पाच आणि त्यावर लिहिलेला चार दिसतो. तो का खोडला ते कळत नाही. मग मूल आपल्या परीने रीत शोधतं, आणि मोठ्यातून लहान ही रीत त्याला बरोबर वाटते, कारण अर्ध्या गणितांत तिचं उत्तर बरोबर येतं.

इथवर चूक एका पायरीची. चौथी-पाचवीत भागाकार येतो. ३१२ भागिले ४. चार सत्ते अठ्ठावीस, इथपर्यंत पाढा पाठ आहे. ३१ मधून २८ वजा करायचे, उरायला हवेत ३. ती ८ मधून १ काढते, ७. ३ मधून २, १. उरले १७. त्याला शेजारचे २ जोडले, १७२. आता १७२ मध्ये चार किती वेळा जातात? पाढा तिथवर पोहोचत नाही. ती थांबते, वर बघते, पेन्सिल तोंडात घालते आणि शेजारच्या वहीतलं ७८ उतरवून घेते. तपासताना त्या गणितावर बरोबरची खूण होते. परीक्षेत ते गणित चुकतं आणि प्रगतिपुस्तकात ‘भागाकाराचा सराव आवश्यक’ असा शेरा येतो. भागाकाराचा कितीही सराव केला तरी उपयोग नाही, कारण दुखणं तिसरीतल्या दोन गुरुवारांत आहे.

वाचनाचंही असंच. मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं एकामागून एक चढत जातात. मधली कडी तुटली की मूल शब्द तोडून वाचायला लागतं, पु-स्-त-क असं. निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला ६० शब्द अर्थासह वाचावेत असं उद्दिष्ट ठेवलं आहे. लोकांना वाटतं, ही कसली घाई, सावकाश वाचलं म्हणून काय बिघडलं. बिघडतं ते असं, की दहा शब्दांचं वाक्य मिनिटभर चाललं तर शेवटच्या शब्दाला पोहोचेतो पहिला शब्द विसरलेला असतो. ते मूल सगळी अक्षरं बरोबर उच्चारतं आणि ‘आता काय वाचलंस ते सांग’ म्हटलं की गप्प होतं. त्यात घरी भोजपुरी, वडारी, तेलुगू किंवा उर्दू बोलणारं मूल असेल तर त्याला अक्षरं जुळवून तयार झालेला शब्दही अनोळखीच असतो. गणितातली शाब्दिक उदाहरणं ह्या मुलांची इथेच अडतात. बेरीज येत असते, पण उदाहरणात बेरीज विचारली आहे हेच वाचता येत नाही.

मग पोटाचं. पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेत रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल मिळावं, त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं जावीत, असं पोषण आहाराचं प्रमाण आहे. प्रमाण चांगलं आहे आणि ही योजना नसती तर ह्या वर्गांचं काय झालं असतं, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. पण मुंबईत बहुतेक शाळांत स्वयंपाक होत नाही, जागाच नाही. बाहेरच्या स्वयंपाकघरातून खिचडी पिंपांत भरून येते आणि गाडी वाहतुकीत अडकली की थंड, घट्ट, वरून पाणी सुटलेली अशी येते. सकाळच्या पाळीचं मूल चहा-खारीवर आलेलं असतं. साडेनऊनंतर वर्ग कसा गळून जातो ते मागच्या बाकावरून पाहावं. मुलं दंगा करत नाहीत, ती डोकं बाकावर टेकवतात. गणिताचा तास नेमका तेव्हा असला तर तो अर्धा फुकट. आठवड्याला लोहाची गुलाबी गोळी देतात, आणि ती द्यायलाच हवी, कारण रक्त कमी असलेल्या मुलाचं लक्ष टिकत नाही. पण उपाशी पोटी दिली की मळमळतं, एखादं मूल ओकतं, आणि पुढच्या आठवड्यात गोळीच्या दिवशी पाच जण घरी राहतात. जिथे गोळी खिचडीनंतर देतात तिथे हे होत नाही. फरक अर्ध्या तासाचा आहे.

खिचडी अर्धी खाऊन उरलेली डब्यात भरणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. डबा कुणासाठी, ते त्यांना विचारू नये.

खाड्यांमागे पैसा आहे हे सरकारला ठाऊक नव्हतं असं नाही. दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींनी शाळेत यावं म्हणून १९९२ पासून दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. सगळे दिवस भरले तर वर्षाचे २२० रुपये. तेव्हा त्या रुपयाला घरात काही वजन असेलही. आज एवढ्यात एका घराला महिनाभराचं पाणीही विकत येत नाही. महापालिका मुलांना गणवेशापासून वह्यांपर्यंत २७ वस्तू मोफत देते, हे फार मोठं काम आहे. कुठलीच खासगी संस्था एवढ्या मुलांना पायातल्या बुटांसकट शाळेत पाठवत नाही. फक्त वस्तू जूनच्या ऐवजी ऑगस्टात हाती आल्या की दोन महिन्यांची वही आईला विकत घ्यावी लागते, आणि नसेल वही तर मूल त्या दोन महिन्यांत वर्गात बसून नुसतं पाहतं.

जून हा महिनाच ह्या वर्गांना नडतो. उत्तर प्रदेश-बिहारकडची कुटुंबं एप्रिलअखेर गावी जातात. परतीचं आरक्षण ज्या दिवसाचं मिळेल त्या दिवशी येतात, म्हणजे कित्येकदा जुलैत. शाळा सुरू होते जूनच्या मध्यावर. प्रत्येक इयत्तेच्या गणिताचं पहिलं प्रकरण संख्याज्ञानाचं असतं, एकक-दशक-शतक-हजार, ते जूनमध्ये शिकवून होतं. ज्यावर वर्षभराचं गणित उभं राहायचं तोच भाग पटावरच्या ‘गा’ खाली सापडतो. आता त्यात आणखी एक भर पडली आहे. राज्याने २०२३ मध्ये नियम बदलले आणि पाचवी व आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली, पाचवीला विषयाला ५० गुणांची. नापास झालेल्या मुलाला पुनर्परीक्षेची संधी आहे, आणि ती आहे जूनमध्ये. ज्या मुलाला त्या संधीची सगळ्यात जास्त गरज, ते तेव्हा गोरखपूरच्या अलीकडच्या कुठल्यातरी गावात मामाकडे असतं. निरोप पाठवायला दिलेला मोबाइल नंबर वडिलांचा, आणि तो रिचार्ज न केल्यामुळे बंद.

परीक्षा नको असं माझं म्हणणं नाही. मूल कुठे आहे ते कळायलाच हवं. पण निकालाचा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, याचा धडा मुंबईने डोळ्यांदेखत घेतला आहे. २०१९ मध्ये महापालिकेच्या माध्यमिक शाळांचा दहावीचा निकाल ५३ टक्क्यांवर घसरला. हाहाकार झाला, शिक्षकांवर टीका झाली. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, तो ९३ टक्के झाला आणि कौतुकाचा वर्षाव झाला. बारा महिन्यांत गल्लीतलं पाणी वाढलं नव्हतं, खोल्या मोठ्या झाल्या नव्हत्या, शिक्षकही तेच होते. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० गुण काढून घेतले होते, राज्याचा निकालही त्या वर्षी ७७ टक्क्यांवर आला. २०२० ला ते गुण परत मिळाले, भूगोलाचा पेपर टाळेबंदीमुळे रद्द होऊन सरासरीचे गुण लागले, आणि राज्याचा निकाल ९५ टक्क्यांवर गेला. शिक्षकांनी त्या वर्षी जादा तास घेतले, मेहनत केली, त्याबद्दल शंका नाही. पण चाळीस टक्क्यांची उडी मेहनतीने मारता येत नाही. आणि दोन्ही वर्षांच्या आकड्यांत आठवीनंतर गळालेली मुलं नव्हतीच. महापालिकेच्या प्राथमिक शाळा गल्लोगल्ली आहेत, माध्यमिक त्यामानाने थोड्या. नववीसाठी शाळा बदलायची, दाखला काढायचा, लांब चालत जायचं किंवा बस पकडायची, ह्या उंबरठ्यावर ज्यांची पावलं अडली त्यांच्या नापास होण्याची नोंदही कुठे झाली नाही.

पटाचा दुसरा अर्थ शाळेच्या जिवाशी बांधलेला आहे. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरतं. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ व्या मुलाला तिसरा. एका मुलावर एक शिक्षक येतो आणि एका मुलावर जातो. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी केली आणि खोटी पटसंख्या उघडी पडली. त्यानंतर मोजणी कडक झाली, ती व्हायलाच हवी होती. पुढे तिला आधारची जोड मिळाली. इथे गरिबी पुन्हा आडवी येते. जन्म गावी घरात झालेला, दाखला नाही. आधारवर नाव एक, शाळेत घातलेलं नाव दुसरं, बापाच्या नावाचं स्पेलिंग तिसरं. जन्मतारीख सगळ्यांचीच १ जानेवारी किंवा १ जून. दुरुस्तीसाठी केंद्रावर जायचं तर आईचा रोज बुडतो, आणि एका खेपेत काम होत नाही. जुळणी झाली नाही की मूल वर्गात बसलेलं असूनही मोजणीत येत नाही. अशी पाच-सहा मुलं निघाली की शाळेतला एक शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि उरलेल्या बाईंकडे दोन इयत्ता येतात. एका भिंतीकडे तोंड करून चौथी, दुसरीकडे पाचवी. काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवायला मग वेळ कुठून आणायचा. त्यात मतदारयाद्यांचं काम येतं, सर्वेक्षण येतं, माहिती आजच्या आज भरून मागितली जाते.

असं असूनही काही ठिकाणी मुलं शिकतात, आणि तिथे काय केलं जातं ते साधं आहे. पाचवीच्या वर्गात रोज एक तास पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून मुलांचे इयत्तेने नाही तर जमतं त्यावरून गट करायचे. अक्षरवाले, शब्दवाले, परिच्छेद वाचणारे, गोष्ट वाचणारे. ‘प्रथम’ ह्या स्वयंसेवी संस्थेचं काम मुंबईच्या वस्त्यांतूनच सुरू झालं आणि ही पद्धत पुढे देशभर गेली. त्या तासात पाचवीची मुलगी तिसरीच्या वजाबाकीवर बसते आणि तिला कुणी हसत नाही, कारण प्रत्येक जण आपापल्या जागी असतो. हे बिघडतं ते दोन कारणांनी. एक, भेटीला येणारे अधिकारी विचारतात अभ्यासक्रम कुठवर आला, म्हणून बाई घाबरून तो तास बंद करतात. दोन, गट एकदा पाडले की वर्षभर तेच राहतात. दर तीन-चार आठवड्यांनी मुलाला पुन्हा वाचायला बसवून पुढच्या गटात सरकवलं नाही, तर अक्षरवाला गट हा ढ मुलांचा गट होऊन बसतो. मुलांना हे आपल्या आधी कळतं.

दुसरी गोष्ट बालवाडीची. शाळेच्या इमारतीत बालवाडी असेल आणि तिची वेळ मोठ्या बहिणीच्या पाळीला जुळत असेल, तर तीन वर्षांवरचं भावंड तिच्याबरोबर येतं. ह्या वर्गात तसं एकदा झालं. आठव्या ओळीतल्या मुलीचा भाऊ बालवाडीत बसायला लागला आणि तिचे ‘भा’ पंधरा दिवसांत थांबले. त्यासाठी ना भत्ता लागला ना मोहीम, वेळ जुळली फक्त. एकोणिसाव्या ओळीतल्या मुलीचं भावंड अजून दोन वर्षांचं नाही, आणि ‘पा’वर शाळेकडे उत्तर नाही. ते उत्तर जलअभियंत्याच्या खात्याकडे आहे आणि तिथे हजेरीपट जात नाही. जायला हवा, असं फार वाटतं. कुठल्या गल्लीत पाण्याची वेळ तासभर आधी आणली तर किती मुली शाळेत बसतील, हे सांगणारा दुसरा कागद ह्या शहरात नसेल.

त्या दुपारी खोडून झाल्यावर बाईंनी पटावरचा रबराचा चुरा हाताने झटकला आणि फुंकर मारली. मग पिशवीतून टाचणवही काढली. तिच्या शेवटच्या पानावर त्यांनी आधीच सगळं उतरवून घेतलं होतं, एकेका ओळीत एकेक मूल, पुढे अक्षरांच्या संख्या आणि त्यापुढे त्या दिवसांत वर्गात काय झालं ते. हे पान कुणी मागत नाही. जिन्यावर मुलांचा आवाज यायला लागला होता. त्यांनी घाईने बोट फिरवत एक जागा शोधली आणि तिथे दोन शब्द वाढवले. ती ओळ आता अशी होती : ‘१९ – पा ७, भा ३. वजाबाकी, दशक सुटा करणे, राहिलं. काड्या घेऊन, मंगळवारी.’